तिकिटात नसलेली खुर्ची

४ जुलै १९४४. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, पण दिवस युद्धाचे होते आणि गाड्या भरभरून धावत होत्या. कोलोरॅडो राज्यातल्या ग्लेनवुड कॅन्यनमधून चाललेल्या एका डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये त्या दिवशी एक पाहुणा बसला होता. सायरस ऑसबॉर्न हे त्याचे नाव. ही इंजिने बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचा तो प्रमुख. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, शेजारून खळाळणारी कोलोरॅडो नदी आणि समोर वळत जाणारे रूळ. हे सगळे पाहता पाहता त्याला जाणवले की ड्रायव्हरला रोज फुकट दिसते ते उतारूला पैसे मोजूनही दिसत नाही. उतारूच्या वाट्याला येते ती बाजूची खिडकी. तीतून कड्याचा पायथा दिसतो, माथा दिसत नाही. आणि वळणावर नक्की काय आहे हे कळेपर्यंत ते वळण मागे गेलेले असते.

सॉल्ट लेक सिटीच्या हॉटेलात उतरल्यावर ऑसबॉर्नने कागदावर रेखाटन केले. नेहमीचाच डबा, मात्र मधल्या भागात छतावर काचेचा घुमट आणि त्यात खुर्च्या. चार पायऱ्या चढून वर जायचे आणि गाडीच्या पाठीवर बसून चारी दिशांना पाहायचे. ही कल्पना शिकागोच्या बर्लिंग्टन रेल्वेने उचलली. कंपनीचे अध्यक्ष राल्फ बड हे नव्या गोष्टी करून पाहणारे गृहस्थ होते. बर्लिंग्टनच्या ऑरोरा इथल्या कारखान्यात ‘सिल्व्हर अल्केमी’ नावाच्या डब्याचे छत कापून १९४५ मध्ये पहिला घुमट बसवला गेला आणि डब्याचे नाव झाले ‘सिल्व्हर डोम’. घुमटाच्या या डब्यांना बर्लिंग्टनने नाव दिले ‘व्हिस्टा-डोम’.

पुढच्या पंचवीस वर्षांत अमेरिकी रेल्वेने जे काही दिमाखदार बांधले त्याची आठवण काढणारी माणसे आजही हटकून या घुमटाशी आणि गाडीच्या शेपटाच्या गोल डब्याशी येऊन थांबतात. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांचे एक वेळ समजू शकते. पण ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता तेही हळहळतात. ती हळहळ नुसत्या मखमली खुर्च्यांची आणि कॉकटेलच्या पेल्यांची असती तर त्यावर दोन हजार शब्द खर्च करायचे कारण नव्हते.

गाडीच्या मागच्या टोकाचे कौतुक घुमटाहून जुने. वाफेच्या इंजिनांच्या काळात लांब पल्ल्याच्या प्रतिष्ठित गाड्यांना शेवटी एक डबा असे. त्याच्या मागे पितळी कठड्याचा उघडा सज्जा, सज्ज्यात दोन-चार खुर्च्या, आणि कठड्यावर गाडीचे नाव लिहिलेली, आतून दिवा लावलेली गोल पाटी. अंगावर काजळी आणि निखाऱ्याचे कण पडत, तरी लोक तिथे बसत. मागे पळणारे रूळ पाहत राहण्यात काय गंमत आहे हे आपल्याकडे गार्डाच्या डब्याकडे टक लावून पाहणाऱ्या कोणत्याही पोराला विचारावे. राजकारण्यांना तर तो सज्जा म्हणजे आयते व्यासपीठच मिळाले. १९४८ च्या निवडणुकीत हॅरी ट्रूमन यांनी ‘फर्डिनंड मॅगेलन’ या चिलखती डब्याच्या सज्ज्यातून भाषणे करत सुमारे ३१ हजार मैलांचा प्रवास केला. गाडी थांबली की दहा मिनिटांचे भाषण, मग पुढचे गाव. ते हरणार असे सगळे पंडित सांगत होते. जिंकल्यावर, ‘ड्यूईंनी ट्रूमनना हरवले’ अशी चुकीची बातमी छापलेला शिकागो ट्रिब्यूनचा अंक हसत हसत उंचावताना त्यांचा जो जगप्रसिद्ध फोटो आहे तो याच डब्याच्या मागच्या कठड्यापाशी, सेंट लुईस स्थानकात काढलेला आहे.

तोवर नवे डबे बंदिस्त झाले होते. वातानुकूलन आले, गाडीला प्रवाही आकार देण्याची टूम निघाली आणि सज्ज्याच्या जागी गोलाकार, काचांनी वेढलेले शेपूट आले. न्यूयॉर्क-शिकागो धावणाऱ्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’साठी हेन्री ड्रेफस या डिझायनरने १९३८ मध्ये इंजिनापासून जेवणाच्या ताटल्यांपर्यंत सगळे एका हाताने रंगवले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात या गाडीच्या उतारूंसाठी फलाटावर किरमिजी गालिचा अंथरत. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कंपनीने (राल्फ आणि एडवर्ड यांचे आडनाव एकच, नाते नाही) गंज न चढणाऱ्या पोलादाचे डबे बांधायची खास वेल्डिंगची पद्धत शोधली होती. त्यांची पहिली चंदेरी ‘झेफर’ २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून पहाटे निघून १,०१५ मैल न थांबता तेरा तास पाच मिनिटांत शिकागोला पोहोचली. गाडीत वर्तमानपत्रवाल्यांबरोबर झेफ नावाचे एक गाढवही होते. जाहिरातबाजीत अमेरिकनांचा हात कोण धरणार!

या सगळ्या धाग्यांची वीण घट्ट झाली ती ‘कॅलिफोर्निया झेफर’मध्ये. २० मार्च १९४९ पासून धावू लागलेली ही गाडी तीन कंपन्यांनी मिळून चालवली. शिकागो ते डेन्व्हर बर्लिंग्टन, डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी ‘डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न’ आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या ओकलंडपर्यंत ‘वेस्टर्न पॅसिफिक’. एकूण अंतर सुमारे २,५०० मैल, वेळ दोन दिवस नि वर काही तास. आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत एलिनॉर पार्कर या अभिनेत्रीच्या हस्ते गाडीचे बारसे झाले आणि पहिल्या फेरीतल्या प्रत्येक बाईला हवाईहून आणलेली ऑर्किडची फुले मिळाली.

आता यातला खरा चमत्कार सांगतो. हिच्याशी स्पर्धा होती ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ या गाडीची, आणि ती हिच्यापेक्षा कित्येक तास आधी पोहोचत असे. शर्यतीत पुढे जाणे शक्य नाही हे ओळखून झेफरवाल्यांनी वेगाचा नादच सोडला. त्यांनी वेळापत्रक डोळ्यांसाठी बांधले. शिकागोहून दुपारी निघायचे. आयोवा-नेब्रास्काची मक्याची सपाट शेते रात्रीच्या अंधारात संपवून टाकायची. सकाळी डेन्व्हर. तिथून दिवसभर रॉकी पर्वत. रात्री सॉल्ट लेक सिटी, आणि नेवाडाचे वाळवंट पुन्हा झोपेत. दुसऱ्या दिवशी उजाडते तेव्हा गाडी सिएरा नेवाडातल्या फेदर नदीच्या घळीत शिरण्याच्या बेतात. ज्या प्रदेशात पाहण्यासारखे काही नाही तिथे रात्र आणि जिथे आहे तिथे दिवस, असे वेळापत्रक आखणारा माणूस मोठा रसिक असला पाहिजे.

प्रत्येक गाडीला पाच घुमट होते. तीन बैठकीच्या डब्यांना, एक मधल्या बार-डब्याला आणि पाचवा शेवटच्या गोल डब्याला. दर घुमटात चोवीस खुर्च्या, म्हणजे एकूण एकशेवीस. आणि या एकशेवीस खुर्च्यांपैकी एकही विकली जात नव्हती! उतारूची आरक्षित जागा खाली. घुमट त्याच्या जोडीला फुकट. नंबर नाही, स्वतंत्र तिकीट नाही, जो वर जाईल तो बसेल. मोकळेपणाला मर्यादा होत्या. शेवटच्या डब्याचा घुमट नि बैठक स्लीपरचे भाडे भरणाऱ्यांसाठी राखीव असे. तरीही सर्वांत स्वस्त तिकिटावर खुर्चीत बसून निघालेल्या शेतकऱ्याला, नोकरीच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोडप्याला, सुटीवर घरी चाललेल्या शिपायाला रॉकी पर्वत त्याच काचेतून दिसत असे.

घुमटातली सकाळ डोळ्यांसमोर आणून पाहा. डेन्व्हर सोडल्यावर मैदान संपते आणि गाडी डोंगराच्या अंगावर चढू लागते. मोठाल्या वळणांवर पुढच्या खुर्चीतल्या माणसाला स्वतःच्याच गाडीचे इंजिन बाजूने दिसते. मागच्या खुर्चीतल्याला शेपटाची काच चमकताना. पुढे चंदेरी छतांची रांग, त्यावरून आणखी घुमट उगवलेले आणि त्यांत डोकी. मग एकामागून एक बोगदे. प्रत्येक वेळी काचेवर अंधार आदळतो आणि माणसे नकळत मान खाली घालतात. शेवटी मॉफट बोगदा, सव्वासहा मैलांचा, समुद्रसपाटीपासून नऊ हजार फुटांहून उंच. डोक्यावर खंडाचा जलविभाजक: पूर्वेकडचे पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे, पश्चिमेकडचे कोलोरॅडो नदीला. बाहेर आल्यावर काही अंतराने त्या नदीची सोबत सुरू होते ती दोनशेहून अधिक मैल सुटत नाही. दुपारी ग्लेनवुड कॅन्यन. तिथे १९५० मध्ये रेल्वेने एक स्मारक उभारले. घुमटाच्या डब्याची धातूची प्रतिकृती, ऑसबॉर्नला जिथे ही कल्पना सुचली त्या जागी. कल्पनेचे स्मारक उभारलेले मी तरी दुसरे ऐकलेले नाही. पुढे महामार्ग रुंद करताना ते हलवून गोल्डनच्या रेल्वे संग्रहालयात नेले.

गाडीवर एक ‘झेफरेट’ असे. गणवेशातली, अविवाहित, शिकलेली तरुणी. पुढे काय दिसणार हे ती ध्वनिक्षेपकावरून सांगे, जेवणाच्या वेळा वाटून देई, एकट्या मुलांवर आणि म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवी, तारा पाठवी, कोणाला लागले-खुपले तर मलमपट्टी करी. १९५५ मध्ये तर रॉकी पर्वतातल्या एका घळीतून जाताना गाडीतच बाळंतपण झाले. उतारूंच्या आठवणींत झेफरेटचा उल्लेख चुकत नाही.

दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख मात्र बहुतेक आठवणींतून निसटतो आणि तिथे या गोड आठवणींवरचा माझा विश्वास डळमळतो. पुलमन पोर्टर. बिछाने घालणारा, बूट चमकवणारा, रात्री-बेरात्री घंटेला ओ देणारा हा माणूस जवळजवळ नेहमी कृष्णवर्णीय असे. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना ही कामे दिली आणि बरेच उतारू त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. जुन्या काळी गुलामाला मालकाच्या नावाने ओळखत, त्या चालीवर. पगार कमी, तास अमर्याद, घर चालायचे ते टिपेवर. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची संघटना बांधली. कंपनीने करारावर सही करायला १९३७ उजाडले. दक्षिणेकडच्या गाड्यांत तर कृष्णवर्णीय उतारूला जेवणाच्या डब्यात पडद्याआड बसवत. एल्मर हेंडरसन या सरकारी अधिकाऱ्याने १९४२ मध्ये सदर्न रेल्वेवर झालेल्या अशा अपमानाविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला १९५० मध्ये, म्हणजे झेफर धावू लागल्यावर एका वर्षाने. लाउंजमधल्या निवांत संध्याकाळी ज्यांच्या जिवावर साजऱ्या होत होत्या त्यांना तिथे बसायची मुभा नव्हती. जुन्या छायाचित्रांत पांढऱ्या कोटातला ट्रे धरलेला हात दिसतो. चेहरा बहुधा चौकटीबाहेर.

मग हे सगळे बुडाले कसे? विमाने आली आणि गाड्या संपल्या, हे उत्तर सोपे आहे, खोटेही नाही. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, १९५८ च्या अखेरीस बोइंग ७०७ देशांतर्गत उडू लागले. पण हिशेबाच्या वह्या उघडल्या की आणखी काही दिसते. केवळ उतारूंच्या भाड्यावर या गाड्या क्वचितच पोसल्या जात. टपालाचे कंत्राट त्यांना धरून होते. १९६७ च्या शरद ऋतूत टपाल खात्याने चालत्या गाडीतली टपालछाटणी मोठ्या प्रमाणावर बंद केली आणि शेकडो गाड्यांचा आधार एका फटक्यात गेला. त्याच डिसेंबरात ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’चा किरमिजी गालिचा शेवटचा गुंडाळला गेला.

गोल शेपटाच्या डब्याचे दुखणे तर आणखी वेगळे. तो दिसायला देखणा, चालवायला कटकटीचा. त्याच्या मागे दुसरा डबा जोडता येत नाही. वाटेत कुठे जादा डबे लावायचे किंवा काढायचे म्हटले की आधी याला सोडवा, बाजूला न्या, मग पुन्हा आणून जोडा. त्यासाठी शंटिंग इंजिन आणि माणसे. गाडी टोकाला पोहोचली की हा डबा उलटा फिरवावा लागतो, नाहीतर शेपूट तोंडाला येणार. काही कंपन्यांनी मग मागची बाजू चपटी करून तीत दरवाजा ठेवला, काहींनी हे डबे साध्या बैठकीत बदलले. पुढे तोटा वाढला तसे व्यवस्थापकांच्या नजरेत ते सगळ्यांत आधी खुपू लागले, कारण त्यातल्या खुर्च्यांवर तिकीट नव्हते. घुमटाचेही तेच. बांधायला महाग, काचा धुवायला माणसे, उन्हात थंड ठेवायला जादा वीज आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.

झेफरचा शेवट लांबला. वेस्टर्न पॅसिफिकने १९६६ मध्ये गाडी बंद करण्याची परवानगी मागितली. वॉशिंग्टनच्या इंटरस्टेट कॉमर्स कमिशनपुढे सुनावणी झाली, लोकांनी विरोध केला आणि १९६७ मध्ये परवानगी नाकारली गेली. गंमत अशी की उन्हाळ्यात गाडी भरून जात असे. तोटा रिकाम्या जागांचा नव्हता, भरलेल्या गाडीचाच खर्च निघत नव्हता. १९७० मध्ये अखेर होकार मिळाला आणि २२ मार्च १९७० रोजी अखंड कॅलिफोर्निया झेफरच्या शेवटच्या फेऱ्या संपल्या. पुढच्या वर्षी, १ मे १९७१ ला, देशभरच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या ‘अ‍ॅमट्रॅक’ या सरकारी महामंडळाकडे गेल्या. रिओ ग्रँड मात्र हट्टाने बाहेर राहिली आणि डेन्व्हरपासून युटापर्यंत आपले चंदेरी डबे ‘रिओ ग्रँड झेफर’ या नावाने एप्रिल १९८३ पर्यंत चालवत राहिली. त्या काळात कितीतरी लोक कुठेही जायचे नसताना केवळ घुमटात बसायला त्या गाडीने गेले.

अ‍ॅमट्रॅकने कॅलिफोर्निया झेफर हे नाव १९८३ मध्ये पुन्हा घेतले. आजही ती गाडी शिकागोहून दुपारी निघते आणि सकाळी डेन्व्हर सोडून त्याच मॉफट बोगद्यातून, त्याच ग्लेनवुड कॅन्यनमधून जाते. घुमट नाहीत. दुमजली डब्यांपैकी एकाच्या वरच्या मजल्यावर छतापर्यंत वळलेल्या काचा आहेत आणि खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्यांनाही नंबर नाही. स्वस्त तिकिटाचा माणूस तिथे सबंध दुपार बसू शकतो. ऑसबॉर्नच्या कल्पनेतला घुमट गेला, पण बिनतिकिटाच्या खुर्चीची चाल अ‍ॅमट्रॅकने राखली, याचे श्रेय त्या बदनाम महामंडळाला द्यायला हवे.

खरा जुना डबा धावताना पाहायचा असेल तर कॅनडात जावे लागते. कॅनेडियन पॅसिफिकने १९५५ मध्ये ‘द कॅनेडियन’ ही गाडी सुरू केली तेव्हा बड कंपनीकडून १७३ डबे घेतले होते. त्यात शेपटाचे अठरा डबे, प्रत्येकाला एका उद्यानाचे नाव, वर घुमट, मागे गोल बैठक आणि आतल्या भिंतीवर रॉयल कॅनेडियन अकॅडमीच्या चित्रकारांनी काढलेली त्या त्या उद्यानाची चित्रे. कंपनी बदलली, १९९० मध्ये मार्गही बदलला, वाफेवरची उष्णता जाऊन विजेची आली. डबे मात्र तेच राहिले. सत्तरीच्या घरातले हे डबे टोरांटो-व्हँकुव्हर मार्गावर काम करताहेत. बड यांचे ते पोलाद किती पक्के होते याचा याहून मोठा दाखला नको. आता कॅनडा सरकारनेही लांब पल्ल्याचे डबे बदलण्यासाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात तरतूद केली आहे.

बर्लिंग्टनचे ‘व्हिस्टा-डोम’ हे नाव आता आपल्या घाटातही ऐकू येते. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने बांधलेला काचेच्या छताचा डबा २०१७ मध्ये आधी विशाखापट्टणम-अराकू मार्गावर आणि मग दादर-मडगाव जनशताब्दीला लागला. २६ जून २०२१ ला तसा डबा डेक्कन एक्सप्रेसला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनला जोडला गेला. नाव व्हिस्टाडोम, पण यात डोम नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. मुंबई-पुणे मार्गावर विजेची तार डोक्यावर असते. डेक्कन क्वीन तर १९३० पासून विजेवरच धावते आहे. तारेखाली घुमट काढायला जागा कुठली? अमेरिकेतही याच कारणाने, आणि बोगदे ठेंगणे म्हणून, घुमटाचे डबे न्यूयॉर्कपर्यंत कधी गेलेच नाहीत. शिवाय चढताना कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात, म्हणजे त्या टोकाला काच असलीच तर तीतून दिसणार इंजिनाचे नाक. तरी पावसाळ्यात मंकी हिलच्या आसपास त्या काचेच्या छतावर पाणी वाहत असते आणि डोंगरावरून धबधबे सुटलेले असतात तेव्हा आतले चव्वेचाळीस उतारू खूश असतात यात शंका नाही. खुर्च्या फिरतात, मागे उभे राहायला छोटी जागा आहे.

त्या चव्वेचाळिसांतली प्रत्येक खुर्ची मात्र विकलेली असते, चढ्या भाड्याने, नंबर टाकून. मधल्या डब्यात पासावर उभा असलेला माणूस घाट पाहतो तो दोन खांद्यांच्या फटीतून. आपल्या रेल्वेचे उत्पन्न आणि गर्दी पाहता याबद्दल तिला दोष देणे सोपे नाही, आणि कॅलिफोर्निया झेफरचे काय झाले हे आपण पाहिलेच. पण व्हिस्टा-डोम हे नाव उचलताना त्या गाडीतली सगळ्यांत मोलाची चीज मागे राहून गेली. आपल्या रेल्वेने डेक्कन क्वीनमध्ये जेवणाचा डबा अजून टिकवला आहे. तसाच एखादा काचेचा डबा, पुणे असो की कोकण, बिनआरक्षणाचा ठेवून पाहावा: ज्याच्याकडे त्या गाडीचे कोणतेही तिकीट आहे त्याने अर्धा तास यावे, बसावे, घाट पाहावा आणि दुसऱ्याला जागा द्यावी. पावसाळ्याचे चार महिने तरी.